व्हॉलीबॉलमधील खेळाडू-बदल : नियमांची रचना आणि त्यामागील तर्क

प्रस्तावना

एक जाळे, एक चेंडू आणि थोडी मोकळी जागा एवढ्या भांडवलावर खेळता येणारा खेळ म्हणून व्हॉलीबॉल महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांत व गावोगावी रुजला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील होलिओक या गावी विल्यम मॉर्गन यांनी १८९५ मध्ये या खेळाची मूळ कल्पना मांडली. १९४७ मध्ये पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉल महासंघाची स्थापना झाली आणि १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकपासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये खेळला जाऊ लागला. या वाटचालीत खेळाचे नियम अनेकदा बदलले. त्यांपैकी गुणांकन, मैदानाची मापे, चेंडूला करावयाचे स्पर्श यांविषयीचे नियम बहुतेकांना ठाऊक असतात. खेळाडू बदलण्याच्या नियमाविषयी मात्र खुद्द खेळाडूंमध्येही बराच गोंधळ आढळतो.

हा गोंधळ महाविद्यालयीन स्तरावर अधिक महागात पडतो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेस जाणाऱ्या संघाबरोबर प्रत्येक वेळी प्रशिक्षित मार्गदर्शक असतोच असे नाही. पुष्कळदा क्रीडा समितीवर नेमलेले इतर विषयाचे प्राध्यापकच संघव्यवस्थापक म्हणून बाकावर बसतात आणि लाइनअप शीटवर स्वाक्षरी करण्याची जबाबदारीही त्यांच्यावर येते. चुकीच्या वेळी केलेली एक बदली संघाने मिळवलेले गुण पुसून टाकू शकते. तसेच नियम ठाऊक नसल्यामुळे ‘उगाच घोळ नको’ म्हणून राखीव खेळाडूंना बाकावरच बसवून ठेवले जाते, आणि वर्षभर सराव केलेला विद्यार्थी मैदानात पाऊल न टाकता परत येतो. प्रस्तुत लेखात या नियमांची रचना व त्यामागील कारणे यांचा विचार केला आहे.

इतर खेळांच्या तुलनेत व्हॉलीबॉल

खेळाडू-बदलाच्या दृष्टीने सांघिक खेळांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. फुटबॉलमध्ये एकदा बाहेर गेलेला खेळाडू स्पर्धात्मक सामन्यात पुन्हा आत येत नाही. बास्केटबॉल व हॉकीत याच्या उलट स्थिती असून खेळाडू हव्या तितक्या वेळा आत-बाहेर करू शकतात. व्हॉलीबॉलचा नियम या दोहोंच्या मध्ये उभा आहे. येथे बाहेर गेलेला मूळ खेळाडू परत येऊ शकतो, परंतु एकदाच आणि आपल्याच जागी.

हा मधला मार्ग स्वीकारण्याचे कारण खेळाच्या मूळ रचनेत आहे. व्हॉलीबॉलमध्ये सहाही खेळाडू क्रमाने फिरतात. प्रतिपक्षाकडून सर्व्हिस परत मिळवताच प्रत्येक खेळाडू घड्याळाच्या काट्याच्या दिशेने एक जागा पुढे सरकतो. परिणामी उंच स्मॅशरला कधीतरी मागे जाऊन बचाव करावा लागतो आणि बुटक्या बचावपटूला कधीतरी जाळ्यापाशी उभे राहावे लागते. प्रत्येकाने सर्व कामे करावीत ही या फिरतीमागची कल्पना आहे. खेळाडू बदलण्याची मर्यादाच काढून टाकली, तर प्रत्येक फिरतीला मागच्या फळीतला उंच खेळाडू बाहेर आणि बचावपटू आत असा प्रकार सुरू होईल आणि फिरतीला अर्थच उरणार नाही. उलट बदल पूर्णपणे बंद केले, तर दमलेल्या किंवा लय हरवलेल्या खेळाडूला सावरण्यास वाव राहणार नाही. बदलीचा नियम या दोन टोकांमधील तडजोड आहे.

क्रमस्थान आणि जागा

नियम समजून घेण्याआधी एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण बहुतेक गैरसमजांचे मूळ त्यात आहे. मैदानावर एक ते सहा अशा जागा असतात. मागे उजवीकडची जागा क्रमांक एक. तेथील खेळाडू सर्व्हिस करतो. पुढील फळीत उजवीकडून डावीकडे दोन, तीन व चार, तर मागे डावीकडे पाच आणि मध्यभागी सहा. सेट सुरू होण्यापूर्वी लाइनअप शीटवर या जागांपुढे खेळाडूंचे क्रमांक लिहून द्यावे लागतात. हा लिहिलेला क्रम म्हणजे संघाचा सर्व्हिसचा क्रम असून तो सेट संपेपर्यंत कायम राहतो.

‘खेळाडूने आपल्या पूर्वीच्या जागीच परत यावे’ असे नियम म्हणतो तेव्हा त्याचा संबंध या क्रमातील स्थानाशी असतो, मैदानावरील विशिष्ट कोपऱ्याशी नव्हे. क्रमांक ७ चा खेळाडू मागच्या फळीत असताना बाहेर गेला आणि चार फिरतींनंतर परत आला, तर तो राखीव खेळाडू त्या क्षणी जेथे असेल तेथे, कदाचित जाळ्यापाशी, उभा राहील. ‘तो मागून गेला, मग पुढे कसा येतो?’ असा आक्षेप प्रेक्षकांतून नेहमी ऐकू येतो. अशा वेळी क्रमस्थान तेच असते. फक्त मैदानावरील जागा फिरलेली असते.

नियमित बदल

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्रत्येक संघाला प्रत्येक सेटमध्ये जास्तीत जास्त सहा बदल करता येतात. येथे ‘बदल’ याचा अर्थ एका खेळाडूचे आत येणे व दुसऱ्याचे बाहेर जाणे. एकाच वेळी दोन खेळाडू बदलले तर दोन बदल मोजले जातात. मूळ खेळाडू परत आला तर तोही स्वतंत्र बदल ठरतो. नेमके हेच अनेकांच्या लक्षात राहत नाही. ‘त्याला बाहेर काढले आणि परत घेतले’ हे बोलण्यात एक काम वाटले, तरी गुणपत्रकावर त्याचे दोन बदल होतात.

या मर्यादेच्या आत आणखी एक बंधन आहे. सेटच्या सुरुवातीच्या सहांपैकी कोणताही खेळाडू एका सेटमध्ये एकदाच बाहेर जाऊ शकतो आणि एकदाच परत येऊ शकतो. राखीव खेळाडू एका सेटमध्ये एकदाच, कोणत्या तरी मूळ खेळाडूच्या बदल्यात आत येतो आणि त्याला बदलायचे झाल्यास तोच मूळ खेळाडू आत यावा लागतो. थोडक्यात, बदल होताच दोन खेळाडूंची जोडी बांधली जाते आणि त्या सेटपुरती ती सुटत नाही. समजा क्रमांक ७ च्या जागी ५ आला. आता ५ ला बाहेर काढायचे असेल तर ७ च आत येईल. ९ किंवा १४ येऊ शकत नाही. आणि ७ एकदा परत आला की त्या सेटपुरता ५ चा खेळ संपला. ७ लाही पुन्हा बाहेर जाता येत नाही.

यावरून सहा बदलांचे गणित कसे मांडता येते हे दिसते. सहा राखीव खेळाडू उपलब्ध असतील तर सहाही मूळ खेळाडू एकेकदा बदलता येतील, परंतु मग कोणालाही परत आणता येणार नाही. किंवा तीन जोड्या आत जाऊन बाहेर येतील. या दोन टोकांच्या दरम्यान कोणतेही मिश्रण चालते. मार्गदर्शकाचा निर्णय त्यामुळे केवळ ‘आता कोणाला पाठवू’ एवढाच नसतो. त्याला परत कधी आणणार आणि त्यासाठी बदल शिल्लक आहे काय, याचाही विचार त्यात आलाच.

ही मोजणी प्रत्येक सेटला नव्याने सुरू होते. दोन सेटच्या मधल्या काळात संघ संपूर्ण नवी लाइनअप शीट देऊ शकतो आणि त्यासाठी एकही बदल खर्ची पडत नाही. तसेच मैदानावरील खेळाडूंनी आपसांत कामे बदलून घेतली तरी तो बदल ठरत नाही. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधील पुरुषांचा अंतिम सामना या दृष्टीने बोलका आहे. ब्राझीलविरुद्ध रशिया ०-२ असा मागे असताना मार्गदर्शक व्लादिमीर अलेक्नो यांनी तिसऱ्या सेटमध्ये मधल्या फळीतील २१८ सेंटिमीटर उंचीचा द्मित्री मुसेर्स्की याला मुख्य आक्रमकाच्या भूमिकेत आणले आणि मॅक्सिम मिखाइलोव्हला दुसरीकडे हलवले. रशियाने तो सामना ३-२ असा जिंकला. एकट्या मुसेर्स्कीने ३१ गुण मिळवले. व्हॉलीबॉलमधील अलीकडच्या काळातील बहुधा सर्वाधिक चर्चिला गेलेला ‘बदल’ हा असा भूमिकेचा बदल होता.

लिबेरो : न मोजला जाणारा बदल

१९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने लिबेरो या बचावतज्ज्ञ खेळाडूची तरतूद केली आणि बदलीच्या गणिताला नवे वळण मिळाले. त्यापूर्वी उंच आक्रमकाच्या जागी मागच्या फळीत चपळ बचावपटू आणायचा म्हणजे सहांपैकी दोन बदल खर्च होत. लिबेरोच्या येण्या-जाण्याची नोंद मात्र बदल म्हणून होत नाही आणि त्याच्या आलटापालटीवर संख्येची मर्यादाही नाही. केवळ दोन आलटापालटींच्या मध्ये एक रॅली पूर्ण झालेली असावी, अशी सर्वसाधारण अट आहे.

या सवलतीची किंमत त्याच्यावरील बंधनांत वसूल केली जाते. लिबेरो फक्त मागच्या फळीत खेळतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तो सर्व्हिस करू शकत नाही, ब्लॉक करू शकत नाही, ब्लॉकचा प्रयत्नही करू शकत नाही. आणि संपूर्ण चेंडू जाळ्याच्या वरच्या कडेपेक्षा उंच असताना तो आक्रमणाचा फटका मारू शकत नाही. त्याचा गणवेश सहकाऱ्यांहून वेगळ्या रंगाचा असतो, तो याच कारणासाठी : पंचांना त्याच्या हालचाली लांबूनही ओळखता याव्यात. फिरतीत तो पुढच्या फळीच्या उंबरठ्यावर आला की ज्याची जागा त्याने घेतली होती तो खेळाडू परत येतो.

लिबेरो व नियमित बदल यांच्या वाटाही वेगळ्या ठेवल्या आहेत. नियमित बदल गुणलेखकाच्या टेबलासमोर, दोन्ही आक्रमणरेषांच्या दरम्यानच्या बदली क्षेत्रातून होतो आणि त्याची नोंद होईपर्यंत खेळ थांबतो. लिबेरो मात्र आपल्या बाकासमोरून, आक्रमणरेषा व अंतिम रेषा यांच्या दरम्यान, चेंडू खेळात नसताना पंचांची परवानगी न मागता ये-जा करतो. घाईत लिबेरोने टेबलासमोरून धाव घेणे किंवा नियमित बदली खेळाडूने बाकासमोरून सरळ आत शिरणे हे महाविद्यालयीन सामन्यांत अनेकदा दिसते.

सर्वत्र हेच नियम आहेत असे मात्र नाही. अमेरिकेतील महाविद्यालयीन महिला स्पर्धांत एका सेटमध्ये १५ बदलांची मुभा असून लिबेरोला एका क्रमस्थानावरून सर्व्हिसही करता येते. अधिक विद्यार्थिनींना मैदानात उतरता यावे या दृष्टीने ही उदारता समजण्यासारखी आहे; फिरतीच्या मूळ तत्त्वाला ती काहीशी बाधक ठरते हेही खरे. दूरचित्रवाणीवर ते सामने पाहून आपल्याकडील पंचांशी वाद घालणाऱ्या खेळाडूने हा फरक ध्यानात घ्यावा. बीच व्हॉलीबॉलमध्ये तर दोनच खेळाडूंचा संघ असून बदलीची तरतूदच नाही.

डावपेच

अनुभवी मार्गदर्शक सहा बदल कसे खर्च करतात हे पाहिले म्हणजे नियमाचा खरा उपयोग कळतो. सर्वांत परिचित डावपेच दुहेरी बदलाचा. एक सेटर व पाच आक्रमक अशा पद्धतीने खेळणाऱ्या संघात सेटर आणि मुख्य आक्रमक क्रमात समोरासमोर असतात. एक पुढे असला की दुसरा मागे. सेटर पुढच्या फळीत आला की जाळ्यापाशी दोनच आक्रमक उरतात. अशा वेळी पुढे, चौथ्या जागेवर आलेल्या सेटरच्या जागी दुसरा आक्रमक आणि मागे, पहिल्या जागेवर गेलेल्या मुख्य आक्रमकाच्या जागी दुसरा सेटर आणला जातो. त्यामुळे पुढच्या तिन्ही फिरतींत जाळ्यापाशी तीन आक्रमक मिळतात. तीन फिरती पूर्ण झाल्यावर मूळ जोडी परत येते. या सर्व व्यवहाराला चार बदल लागतात, म्हणजे हाती दोनच उरतात.

उरलेले दोन बहुधा सर्व्हिसतज्ज्ञासाठी राखले जातात. सेटच्या उत्तरार्धात कमकुवत सर्व्हिस असलेल्या मधल्या ब्लॉकरच्या जागी जोरदार सर्व्हिस करणारा खेळाडू आणायचा आणि सर्व्हिस गेली की मूळ खेळाडू परत घ्यायचा. जुन्या गुणांकन पद्धतीत सर्व्हिस करणाऱ्या संघालाच गुण मिळत असे. त्यामुळे सर्व्हिस चुकली तरी केवळ सर्व्हिस जात असे. १९९९ पासून रूढ झालेल्या रॅली पद्धतीत प्रत्येक रॅलीला गुण आहे. चुकलेली सर्व्हिस म्हणजे प्रतिस्पर्ध्याला आयता गुण. सर्व्हिसतज्ज्ञ म्हणून बाकावरून थंड अंगाने येणाऱ्या खेळाडूवर त्यामुळे पूर्वीपेक्षा मोठा भार असतो. २३-२३ वर एखाद्या विद्यार्थ्याला दोन तास बाकावर बसवून अचानक सर्व्हिसला उभे करायचे आणि ती जाळ्यात गेली की त्याला दोष द्यायचा, ही रीत अन्यायाची आहे. मागील बाजूच्या जागेत राखीव खेळाडूंना चेंडूशिवाय अंग गरम ठेवण्याची मुभा नियमानेच दिली आहे. ती वापरली पाहिजे.

दुखापत आणि विशेष बदल

खेळाडू जखमी झाल्यास प्रथम नियमित बदलाचा मार्ग पाहावयाचा असतो. बदल शिल्लक नसतील, किंवा ज्याच्याशी जोडी बांधली आहे तो उपलब्ध नसेल, तर विशेष बदल करता येतो. त्या वेळी मैदानाबाहेर असलेला कोणताही खेळाडू आत येऊ शकतो. अपवाद लिबेरो आणि लिबेरोने ज्याची जागा घेतली आहे तो खेळाडू. विशेष बदलाची नोंद गुणपत्रकात होते, परंतु सहांच्या मर्यादेत तो धरला जात नाही. मात्र विशेष बदलाने बाहेर गेलेल्या जखमी खेळाडूला त्या सामन्यात पुन्हा खेळता येत नाही. लंगडणाऱ्या खेळाडूला ‘थोडे बसव, पुढच्या सेटला घेऊ’ असे म्हणणाऱ्या मार्गदर्शकाने ही अट विसरता कामा नये.

विशेष बदलही शक्य नसेल तर त्या खेळाडूला सावरण्यासाठी तीन मिनिटे दिली जातात. एका खेळाडूला एका सामन्यात ही सवलत एकदाच. त्यानंतरही तो खेळू शकला नाही तर संघ अपूर्ण ठरतो आणि तो सेट, क्वचित सामनाही, गमावतो. सात-आठ खेळाडू घेऊन स्पर्धेला जाणाऱ्या महाविद्यालयांच्या दृष्टीने हा केवळ पुस्तकी प्रसंग नाही. प्रवासखर्च वाचवण्यासाठी कमी केलेली दोन नावे एका मुरगळलेल्या घोट्याने सामना घालवू शकतात.

मागणीची रीत आणि चुकांची किंमत

पूर्वी मार्गदर्शक किंवा कर्णधार दोन्ही हातांनी चक्राकार खूण करून बदल मागत असे. आताच्या नियमानुसार राखीव खेळाडूने खेळ थांबलेला असताना, खेळण्यास सज्ज होऊन बदली क्षेत्रात प्रवेश करणे हीच मागणी समजली जाते. दुखापतीच्या वेळी किंवा सेट सुरू होण्यापूर्वी बदल करावयाचा असल्यास मात्र हाताची खूण आवश्यक ठरते. खेळाडूच्या अंगात अजून स्वेटर असेल, तो बुटाची नाडी बांधत असेल, तर बदल नाकारला जातो आणि दिरंगाईची नोंद होते. सामन्यातील पहिल्या दिरंगाईस ताकीद मिळते. त्यापुढील प्रत्येक दिरंगाईला प्रतिस्पर्ध्यास गुण व सर्व्हिस. दोन किंवा अधिक बदल एकाच वेळी करायचे असल्यास सर्वांनी एकत्रच क्षेत्रात यावे लागते, कारण त्याच थांब्यात तोच संघ पुन्हा बदल मागू शकत नाही. मध्ये एक रॅली पूर्ण व्हावी लागते.

याहून गंभीर बाब बेकायदा बदलाची. सातवा बदल, किंवा जोडीबाहेरील खेळाडूचा प्रवेश, गुणलेखक व द्वितीय पंच यांच्या नजरेतून निसटला आणि खेळ सुरू झाला, तर चूक उघड होताच पुढील कारवाई होते. समजा ‘अ’ संघाने १८-१७ अशी आघाडी असताना असा बदल केला. त्यानंतर ‘अ’ ने तीन गुण मिळवले, ‘ब’ ने एक, आणि गुणफलक २१-१८ दाखवत असताना चूक लक्षात आली. ‘अ’ चे चुकीनंतरचे तीनही गुण रद्द होतात व त्याचे गुण पुन्हा १८ होतात. ‘ब’ ने मिळवलेला गुण कायम राहतो, त्याला आणखी एक गुण व सर्व्हिस मिळते आणि बदल पूर्ववत केला जातो. २१-१८ ऐवजी गुणफलक १८-१९ दाखवतो. लिबेरोची आलटापालट चुकल्यास, आणि ती रॅलीनंतर लक्षात आल्यास, परिणाम याच प्रकारचा होतो. गुणलेखक म्हणून बसणाऱ्या विद्यार्थ्याला दहा मिनिटांत ‘कसे भरायचे’ ते सांगून टेबलावर बसवण्याची प्रथा किती धोक्याची आहे, हे या उदाहरणावरून ध्यानात यावे.

बाकावरील खेळाडूंचे गणित

बारा जणांच्या संघात एक लिबेरो नेमला तर सहा मूळ खेळाडू वगळून पाच राखीव उरतात. दोन लिबेरो असतील तर चारच. पाचही राखीव खेळाडूंना एकाच सेटमध्ये उतरवणे सहा बदलांत बसते, परंतु मग एकच मूळ खेळाडू परत आणता येतो. म्हणून १८-७ अशा मोठ्या आघाडीवर सर्वांना संधी द्यायची असल्यास क्रम विचारपूर्वक ठरवावा लागतो : ज्यांच्या अनुपस्थितीने संघ ढासळणार नाही त्यांना आधी बाहेर काढावे आणि सेटर किंवा मुख्य आक्रमक यांपैकी ज्याला परत आणण्याची वेळ येऊ शकेल त्याच्यासाठी तो सहावा बदल राखून ठेवावा. आघाडी टिकली तर सहावा बदल न वापरताच सेट संपतो. पुढच्या सेटच्या लाइनअप शीटवर सहा रकाने पुन्हा कोरे असतात. त्यांत आधीच्या सेटमध्ये शेवटी उतरलेल्या राखीव खेळाडूचा क्रमांक पहिल्या सहांत लिहिण्यास कोणताही नियम आड येत नाही.